लेझरने चष्मा घालवताना: तपासणीच्या खुर्चीपासून पहिल्या वर्षापर्यंत

डोळ्यांच्या लेझर शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत सगळा भर मशीनवर असतो. ब्लेड नाही, टाका नाही, दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही डोळे, दुसऱ्या दिवशी कामावर हजर. यातलं बहुतेक खरंही आहे. तरी पैसे मोजून घ्यायची सेवा म्हणून हिच्याकडे पाहिलं तर आमचं मत असं, की मशीनचं नाव सगळ्यात शेवटी विचारावं. निकाल चांगला लागणार की नाही हे बहुतेक वेळा तपासणीच्या खोलीतच ठरतं, आणि केंद्र भरवशाचं आहे का तेही तिथेच कळतं. जिथे कुणालाच ‘तुमच्या डोळ्यांना हे जमणार नाही’ असं सांगितलं जात नाही, तिथे तपासणी नुसती उरकली जाते असं खुशाल समजावं.

लेझर नेमकं काय करतं, ते आधी. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर असते; चष्म्याचा नंबरही याच डायॉप्टरमध्ये मोजतात. त्यातली ४३च्या आसपास एकट्या कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याची. या पडद्याचा बाक बदलला की नंबर बदलतो. मायनस नंबर असेल तर मधला भाग थोडा सपाट करतात, प्लस असेल तर कडेने कोरून मधला भाग उठावदार करतात, सिलिंडर असेल तर एका दिशेला जास्त आणि दुसरीला कमी कोरतात. कोरणारं एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडतं. एका ठोक्यात साधारण पाव मायक्रॉन थर उडतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शस्त्रक्रियेच्या वेळी करपल्यासारखा वास येतो आणि माणसं घाबरतात, पण इथे जळत काही नाही. हा किरण रेणूंमधले बंधच तोडतो, त्यामुळे शेजारच्या थराला उष्णतेची झळ जवळजवळ लागत नाही. १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा गुण सापडला, तोही जेवणातून उरलेल्या टर्कीच्या मांसावर प्रयोग करताना. पुढे १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांच्या साथीने तो कॉर्नियावर आजमावला गेला.

मायक्रॉनचा हिशेब

चष्मा किती जाड आहे त्यापेक्षा कॉर्निया किती जाड आहे हे महत्त्वाचं. मध्यभागी तो सरासरी ५४० मायक्रॉन असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. किती कोरावं लागेल याचं ढोबळ सूत्र कागदावर करता येतं: ज्या वर्तुळात नंबर काढायचा त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला नंबराने गुणायचं आणि तीनने भागायचं. साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळासाठी एका डायॉप्टरमागे १४ मायक्रॉन पडतात. प्रत्यक्ष मशीन याहून थोडं जास्त कोरतं, कारण कोरलेला भाग आणि न कोरलेला भाग यांच्यामध्ये उतार ठेवावा लागतो.

समजा, कॉर्निया ५४० मायक्रॉनचा आहे आणि नंबर मायनस ६. कोरायचे ८४. लॅसिक या पद्धतीने करायचं तर त्याआधी वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलावा लागतो. फेम्टोसेकंद या कापणाऱ्या लेझरने केलेला फ्लॅप १०० ते १२० मायक्रॉनचा असतो, ११० धरू. फ्लॅप परत बसवला तरी डोळ्याच्या आतला दाब पेलायला त्याचा उपयोग नसतो, म्हणून तो वजाच धरायचा. खाली उरले ३४६. निवांत काम.

आता कॉर्निया ४९० आणि नंबर मायनस ८ घ्या. कोरायचे ११२, फ्लॅप ११०, उरले २६८. पुस्तकी किमान मर्यादा २५० आहे, म्हणजे कागदावर हे बसतं. पण बरेच सर्जन ३००च्या खाली उतरायला राजी नसतात. आणखी एक कसोटी आहे: फ्लॅप आणि कोरलेला भाग मिळून एकूण जाडीचा किती टक्के होतो. पहिल्या उदाहरणात तो ३६ टक्के आहे, दुसऱ्यात ४५. चाळीसच्या वर गेलं की पुढे कॉर्निया कमजोर होऊन बाहेर फुगण्याचा धोका वाढतो. अशा वेळी काही ठिकाणी पळवाट काढली जाते: वर्तुळ साडेपाच मिलिमीटरचं करतात. लगेच ११२चे ८१ मायक्रॉन होतात आणि हिशेब ३००च्या घरात येतो. पण अंधारात बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडणाऱ्या माणसाला मग न कोरलेल्या कडेतूनही प्रकाश आत येतो आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती मोठं वलय दिसतं. नंबर शून्य आला, चार्टवरची शेवटची ओळ वाचली, आणि तरी माणूस रात्री गाडी चालवायला कचरतो, असं होतं ते बऱ्याचदा इथे. म्हणून सल्ल्याच्या वेळी तीन आकडे नुसते ऐकू नयेत, लिहून घ्यावेत: सगळ्यात पातळ जागेची जाडी, वर्तुळाचा व्यास आणि खाली उरणारे मायक्रॉन. हे आकडे द्यायला जिथे कुरकुर होते, तिथे पुढच्या पॅकेजच्या गप्पा ऐकण्यात वेळ घालवू नये.

तपासणी

खरी तपासणी दोन-तीन तास खाते, आणि त्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्या लागतात. सॉफ्ट लेन्स दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट म्हणतात त्या गॅस-पर्मिएबल लेन्स तीन आठवडे आणि जुन्या प्रकारच्या हार्ड लेन्स चार आठवडे आधीपासून. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असतो आणि त्या अवस्थेत घेतलेलं माप म्हणजे चुकीच्या नंबराची शस्त्रक्रिया. फोनवर वेळ घेतानाच हे सांगितलं गेलं का, ही केंद्राची पहिली परीक्षा. ‘लेन्स घालून आलात तरी चालेल, इथे आल्यावर काढा’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे पाहावं.

कॉर्नियाचा नकाशा हा तपासणीचा गाभा. इथे एक फरक नीट समजून घ्यावा. साधी टोपोग्राफी कॉर्नियाचा फक्त समोरचा पृष्ठभाग मोजते. टोमोग्राफी, उदाहरणार्थ पेंटाकॅम या यंत्रावरची, समोरचा आणि मागचा दोन्ही पृष्ठभाग आणि जागोजागची जाडी देते. केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया आपोआप पातळ होऊन शंकूसारखा बाहेर येण्याचा आजार, सुरुवातीला अनेकदा मागच्या पृष्ठभागावर दिसतो. नुसत्या टोपोग्राफीवर तो निसटू शकतो, आणि अशा डोळ्यावर लेझर करणं ही या क्षेत्रातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. सिलिंडर नंबर दरवर्षी वाढतोय, चष्मा लावूनही ६/६ दिसत नाही, दोन डोळ्यांचे नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत, सगळ्यात पातळ जागा मध्यापासून खाली सरकलेली आहे, डोळे चोळायची जुनी सवय आहे: यातल्या एका गोष्टीनेही डॉक्टरांनी थबकायला हवं. छापील नकाशावर खालच्या बाजूला लाल-केशरी डाग दिसला तर त्याचा अर्थ विचारावा. रंगांचं मोजमाप प्रत्येक मशीनवर बदलतं, त्यामुळे स्वतःहून निदान करू नये. पण विचारायला काहीच हरकत नाही.

नंबर दोनदा काढला जायला हवा, एकदा नेहमीसारखा आणि एकदा सायक्लोपेंटोलेटसारखे थेंब घालून. तरुण डोळे तपासताना नकळत ताण देतात आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त निघतो. थेंबांनी तो ताण सुटतो. या थेंबांनंतर जवळचं अंधूक दिसतं आणि उजेड खुपतो, तेही कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. तेव्हा त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नये. याच वेळी बाहुली मोठी करून आतला पडदा, म्हणजे रेटिना, कडेपर्यंत बघितला जातो. मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो आणि पडदा ताणलेला. त्यात पातळ जागा किंवा छिद्रं असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा लागतो.

अश्रूंची तपासणी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तक्रारी सगळ्यात जास्त तिथूनच येतात. शर्मर चाचणीत कागदाची पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवतात; पाच मिलिमीटरहून कमी ओली झाली तर डोळा चांगलाच कोरडा आहे. दुसरी चाचणी अश्रूंचा थर किती टिकतो त्याची: रंग घालून डोळा उघडा ठेवायला सांगतात आणि थर फुटेपर्यंतचे सेकंद मोजतात, दहाच्या खाली म्हणजे थर कच्चा. कोरडेपणा सापडला म्हणून दार बंद होत नाही. पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथींचा शेक-मसाज आणि थेंब यांनी काही आठवड्यांत सुधारणा होऊ शकते. मग फेरतपासणी, मग निर्णय.

वय १८ पूर्ण ही किमान अट. आमच्या मते २१च्या आत घाई करू नये. वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरहून जास्त हललेला नको, आणि याचा पुरावा म्हणून जुनी प्रिस्क्रिप्शन्स सोबत न्यावीत, तोंडी भरवसा नको. गर्भारपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात, तेव्हा नको. ताब्यात नसलेला मधुमेह, संधिवात किंवा ल्युपससारखे आजार, डोळ्याला पूर्वी झालेली नागीण, मुरमांसाठी चालू असलेलं आयसोट्रेटिनॉइन हे सगळं न विचारता सांगावं. यातलं काहीही लपवलं तर जखम भरताना त्याच्याशीच गाठ पडते.

तपासणी फुकट असावी की विकत? आमचा कल विकतकडे. जिथे तपासणीचे पैसे वेगळे घेतले जातात, तिथे ‘नाही’ म्हणायला डॉक्टरांचा हात आखडत नाही.

लॅसिक, पीआरके, स्माइल

पीआरके सगळ्यात जुनी. अमेरिकेत तिला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. यात फ्लॅप नसतो. कॉर्नियावरची पातळ त्वचा, साधारण ५० मायक्रॉनची, सौम्य अल्कोहोलने सैल करून किंवा थेट लेझरने काढतात, खाली कोरतात आणि वर पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. त्वचा चार-पाच दिवसांत परत भरते, मग लेन्स काढतात. हे दिवस सुखाचे नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका, पाणी, उजेडाचा त्रास. सुन्न करणारे थेंब घरी न देण्यामागे कारण आहे: ते वारंवार घातले तर त्वचा भरतच नाही. कामापुरतं आठवड्यात दिसतं, पण धार यायला एक ते तीन महिने लागतात. मोठ्या नंबरमध्ये धूसरपणा येऊ नये म्हणून ०.०२ टक्क्यांचं मायटोमायसिन हे औषध काही सेकंद लावतात आणि पुढचे काही महिने उन्हात अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरायला सांगतात. इतकं सोसून मिळतं काय? फ्लॅपचे ११० मायक्रॉन वाचतात आणि फ्लॅप सरकायची भीती जन्मभरासाठी जाते. कॉर्निया पातळ असेल किंवा कुस्ती, बॉक्सिंगसारखा खेळ खेळत असाल तर हीच घ्यावी. ‘जुनी पद्धत’ म्हणून तिला नाक मुरडणाऱ्या समुपदेशकाचं ऐकू नये.

लॅसिकमध्ये फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियात बारीक बुडबुड्यांचा थर तयार करून फ्लॅप कापतं, सर्जन तो पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, एक्सायमर खाली कोरतं आणि पान परत मिटतं. दुसऱ्या दिवशी दृष्टी, जवळपास वेदना नाही, पुढे नंबर थोडा उरला तर फ्लॅप पुन्हा उचलता येतो. मायनस, प्लस, सिलिंडर तिन्हींना चालतं. उणी बाजू अशी, की फ्लॅप करताना कॉर्नियातल्या नसा मोठ्या प्रमाणात कापल्या जातात. त्या परत वाढायला सहा महिने ते वर्ष जातं आणि तोवर डोळा कोरडा वाटतो.

स्माइलला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. इथे फ्लॅप नाही. कॉर्नियाच्या आतच भिंगाच्या आकाराची चकती कापली जाते आणि दोन ते चार मिलिमीटरच्या चिरेतून बाहेर ओढली जाते. नसा कमी कापल्या जातात, म्हणून कोरडेपणा लॅसिकपेक्षा कमी. नंबर मात्र मुख्यतः मायनसचा आणि माफक सिलिंडरचा हवा. पुन्हा नंबर काढायची वेळ आली तर उचलायला फ्लॅप नसतो, बहुतेकदा पीआरकेच करावी लागते. चकती सोडवणं हाताचं काम आहे, आणि ती फाटली किंवा तुकडा आत राहिला तर तो सर्जनचा कस. म्हणून स्माइल घ्यायची तर अनुभवी हाताकडूनच.

‘कस्टम’ या शब्दाचं काय? वेव्हफ्रंटवर, म्हणजे डोळ्यातून प्रकाश कसा जातो त्याच्या मोजमापावर, बेतलेली शस्त्रक्रिया ज्यांच्या डोळ्यांत नंबरापलीकडचे दोष मोजण्याइतके आहेत त्यांना उपयोगी पडते. साध्या मायनस तीनच्या, सुबक कॉर्नियाच्या माणसाला जास्तीच्या पॅकेजमधून डोळ्याला दिसेल असा फरक क्वचितच मिळतो. आणि नंबर दहाच्या पुढे असेल किंवा कॉर्निया पातळ असेल तर लेझरचा हट्ट सोडून आत बसवायच्या भिंगाची, आयसीएलची, चौकशी करावी. त्यात कॉर्निया कोरावा लागत नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली मात्र पुरेशी लागते.

प्रत्यक्ष दिवस

आदल्या दिवसापासून काजळ, मेकअप, क्रीम, अत्तर बंद. अत्तराचं कारण फारसं सांगितलं जात नाही: त्याची वाफ लेझरच्या किरणात अडथळा आणू शकते. खोलीचं तापमान आणि हवेतला ओलावाही म्हणूनच राखलेला असतो.

सिलिंडर नंबर असलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. माणूस बसलेला असताना आणि आडवा झाल्यावर डोळा काही अंश फिरतो. सिलिंडरचा ॲक्सिस, म्हणजे त्याची दिशा, १० अंशांनी चुकला की सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश तसाच राहतो. ३० अंश चुकला तर केलेलं सगळं पाण्यात. यावर दोन उपाय आहेत. एक, आडवं होण्याआधी बसल्या जागी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शाईच्या पेनाने तीन आणि नऊच्या जागी बारीक खुणा करणं. दुसरा, बाहुलीभोवतालच्या बुबुळाच्या रेषा ओळखून मशीनने स्वतः फिरकी जुळवणं. सिलिंडर एकच्या वर आहे आणि यातलं काहीच होत नाही, तर तोंड उघडून विचारावं. स्माइलच्या जुन्या पिढीच्या मशीनवर ही फिरकी सर्जनला हाताने जुळवावी लागते.

सुन्न करायचे थेंब, पापण्या उघड्या धरणारी चिमटी, मग सक्शनची रिंग. फ्लॅप करताना दाब वाढून काही सेकंद अंधारून येतं. हे अपेक्षित आहे. या सेकंदांत डोकं हलवलं किंवा डोळा घट्ट मिटायचा प्रयत्न केला तर सक्शन सुटतं आणि काम थांबवावं लागतं. एक्सायमरच्या वेळी हिरव्या किंवा लाल ठिपक्याकडे बघायचं. डोळा किंचित हलला तर त्याचा माग ठेवणारा ट्रॅकर किरण सोबत हलवतो, जास्त हलला तर लेझर बंद पाडतो. फ्लॅप उचलल्यावर रेंगाळणारा सर्जन नको. खालचा थर वाळला की प्रत्येक ठोक्यात ठरल्यापेक्षा जास्त कोरलं जातं, ओला राहिला तर कमी.

घरी गेल्यावर चार-सहा तास चुरचुर आणि पाणी. झोपणं उत्तम. पांढऱ्या भागावर लाल चट्टे दिसले तर ते सक्शनचे असतात, दोन-तीन आठवड्यांत जातात.

नंतरचे थेंब आणि बिघाड

साधारण क्रम असा: अँटिबायोटिक थेंब आठवडाभर, स्टेरॉइड थेंब लॅसिकला एक-दोन आठवडे, पीआरकेला हळूहळू कमी करत काही महिने, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू तीन ते सहा महिने. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडावीत, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. स्टेरॉइड आपल्या मनाने लांबवू नयेत, काहींच्या डोळ्याचा दाब त्याने वाढतो. म्हणून पीआरकेनंतर दाब तपासत राहावं लागतं. आठवडाभर रात्री प्लॅस्टिकची कवचं लावून झोपायचं, डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही, पोहणं महिनाभर नाही. चोळणं कधीच नाही.

फ्लॅप सरकला तर बहुधा पहिल्या चोवीस तासांत, आणि तेव्हा लगेच नीट बसवता येतो; दोन दिवस थांबलं तर सुरकुत्या पक्क्या होतात. पहिल्या तीन दिवसांत फ्लॅपखाली वाळूसारखी दाह-पेशींची पूड जमू शकते, त्याला डीएलके म्हणतात. वेळीच दिसली तर तासातासाला स्टेरॉइड देऊन आवरते, वाढली तर फ्लॅप उचलून धुवावं लागतं. दुसऱ्या दिवशीची तपासणी ‘छान दिसतंय’ म्हणून टाळायची नाही ती यासाठीच. वाढता ठणका, पू, किंवा काल दिसत होतं ते आज अंधूक, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-सुट्टीला फोन कोण उचलणार हे आधीच विचारून ठेवावं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इतर संस्थांसोबत लॅसिकवर ‘प्राउल’ नावाचे अभ्यास केले, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी दृष्टीची कुठलीही लक्षणं नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी वलय, चकाकी, दुहेरी दिसणं यांपैकी काहीतरी नव्याने जाणवलं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी जवळपास ३० टक्क्यांना तो जाणवला. त्याच वेळी, या लक्षणांमुळे रोजची कामं फारच कठीण झाली असं म्हणणारे एक टक्क्याहूनही कमी होते. समुपदेशक शेवटचा आकडा सांगतो, पहिले दोन गाळतो. निर्णय घेणाऱ्याला तिन्ही हवेत, विशेषतः रात्रपाळीच्या चालकाला आणि दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला.

नंबर थोडा उरणं किंवा परतणं मोठ्या मायनसमध्ये आणि प्लसमध्ये जास्त होतं. दुसरी फेरी तीन ते सहा महिन्यांनी, नंबर स्थिर झाल्यावरच, आणि तीही कॉर्निया उरला असेल तर. ती फुकट आहे का, किती वर्षांपर्यंत, हे कराराच्या कागदावर लिहून घ्यावं. कॉर्निया फुगण्याचा दोष महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवतो. नंबर, त्यातही सिलिंडर, अचानक वाढू लागला तर नवा चष्मा करण्याआधी नकाशा काढावा. लवकर सापडलं तर रायबोफ्लेविन (बी२ जीवनसत्त्व) आणि अतिनील प्रकाशाने कॉर्निया घट्ट करणारं क्रॉस-लिंकिंग करून थांबवता येतं.

चाळिशीचा पेच

मायनस अडीच नंबरची पंचेचाळिशीची व्यक्ती चष्मा काढून आरामात वाचते. लेझरने दूरचं शून्य केलं की ती सोय जाते आणि चाळशी लागते. सही करण्याआधी हे ऐकलं नसेल तर नंतर फसवल्यासारखं वाटतं. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी मायनस सव्वा-दीडवर ठेवायचा, म्हणजे मोनोव्हिजन, हा तोडगा काहींना मानवतो, काहींना मुळीच नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्सने काही दिवस करून पाहिल्याशिवाय कॉर्नियावर तो करू नये.

लेझरने नंबर जातो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. मोठ्या मायनसवाल्यांनी चष्मा गेल्यावरही वर्षातून एकदा आतला पडदा तपासून घ्यायचा. डोळ्यासमोर अचानक चमका, काळ्या माश्या किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं तर थांबायचं नाही. डोळ्याचा दाब मोजताना लेझर झाल्याचं सांगायचं, कारण पातळ कॉर्नियावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. मोतिबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायची नेहमीची सूत्रं लेझर झालेल्या कॉर्नियावर चुकतात, आणि मायनस काढलेल्या डोळ्याला शस्त्रक्रियेनंतर प्लस नंबर उरतो. त्यासाठी शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाच्या बाकाची म्हणजे केराटोमेट्रीची मापं, टोमोग्राफीच्या प्रती आणि प्रत्यक्ष किती कोरलं त्याचा अहवाल, हे चार कागद डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्यावेत आणि फोटो काढून दोन ठिकाणी साठवावेत. मोतिबिंदू होईल तेव्हा ते केंद्र सुरू असेलच असं नाही.